आजची गोळी घेतली असल्यास एक दाबा

माझ्या हृदयात धातूची एक झडप बसवलेली आहे. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं, पंखा बंद असला, की तिचा आवाज मला ऐकू येतो. घड्याळासारखा बारीक. सवय होईल असं डॉक्टर म्हणाले होते आणि झालीही. ही झडप आहे तोवर रक्त पातळ ठेवणारी एक छोटी गोळी मला रोज संध्याकाळी घ्यायची आहे, जन्मभर. ही गोळी मी मध्यंतरी बंद केली होती. का केली, त्यानं काय झालं आणि परत कशी सुरू केली, ते लिहिते आहे. ज्यांच्या घरात अशी गोळी असेल त्यांनी वाचावं, एवढ्यासाठी.

मी सुरेखा. येडशीत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. घरात मी, माझे मालक आणि सासूबाई. मुलगा लातूरला शिकतो. सासूबाईंना मी आत्या म्हणते. दुकान मी बघते आणि मालक मोटारसायकलला पेट्या बांधून गावोगावच्या आठवडी बाजारात बसतात. लग्न झाल्यापासून आमची हीच वाटणी आहे.

*

चार वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही रामलिंगला गेलो होतो. देऊळ खाली दरीत आहे, उतरताना काही वाटलं नाही. दर्शन घेऊन पायऱ्या चढायला लागलो आणि पाचव्या-सहाव्या पायरीला मला कठडा धरून उभं राहावं लागलं. श्वास आत जाईना. आत्या माझ्यापुढं दहा पायऱ्या गेल्या होत्या. वळून म्हणाल्या, "काय गं, सासू पुढं आन् सून मागं? हसतील की लोकं."

मी हसायला गेले, पण हसायलाही श्वास लागतो. आत्या खाली आल्या, माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि मालकांना म्हणाल्या, "उद्या धाराशिवला न्यायची हिला. बाजार-बिजार राहू दे."

धाराशिवच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली ती काढेचनात. एकाच जागी ऐकत राहिले. मग विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का कधी?"

आला होता. मी चौथीत असताना गुडघे आणि घोटे सुजून दीड महिना अंथरुणाला होते. माहेरी सगळे म्हणायचे, हाडातला ताप आहे, जाईल. तो गेला, पण जाताना हृदयाची झडप आखडून गेला, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

"गोळ्यांनी मोकळी व्हईल ना साहेब?" मालकांनी विचारलं.

"गोळ्यांचं काम राहिलं नाही आता. झडप बदलावी लागेल. सोलापूरला दाखवा, उशीर करू नका."

परतताना एसटीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. मरणाचा विचार माझ्या डोक्यात आला असेल असं वाटेल कुणाला. मी विचार करत होते, नवरात्रात दुकानात कोण बसणार. मालकांना बाजारात माल विकता येतो, पण बाईच्या हातात न दुखवता बांगडी चढवायला त्यांना जमत नाही. खिडकीतून तेरणा कारखान्याकडचे उसाचे फड दिसत होते आणि मी बोटांवर मोजत होते, किती दिवस दुकान बंद राहील.

*

ऑपरेशनबद्दल मी फार सांगणार नाही, कारण मला आठवतच नाही. आठवतात ते नंतरचे दिवस. पहाटे पाचला रक्त घ्यायला येणारी मुलगी. तीन रंगांचे गोळे असलेलं प्लास्टिकचं खेळणं, ज्यात फुंकून गोळे वर चढवायचे. मला पहिले दोन दिवस एकही हलवता आला नाही. खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची आणि मग खोकायचं. छातीचं हाड तारेनं शिवलेलं होतं. प्रत्येक खोकल्याला वाटायचं, आता उकलतंय.

चौथ्या दिवशी वॉर्डातल्या आयाबाई झाडू बाजूला ठेवून माझ्या खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "केसांचा गुंता झालाय बाई तुमच्या. विंचरू का?" त्यांचं ते काम नव्हतं. अर्धा तास लावून त्यांनी माझी वेणी घातली. दवाखान्यातल्या त्या सबंध मुक्कामात मी रडले ती तेव्हाच.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी वैशाली सिस्टर कागद घेऊन आल्या. झडप बसवलेल्या पेशंटची गोळी चुकू नये म्हणून दवाखान्यानं एक योजना सुरू केली होती. रोज संध्याकाळी सातला मोबाईलवर फोन येणार. त्यात आवाज विचारणार, गोळी घेतली का. घेतली असेल तर एक दाबायचं, नसेल तर दोन. दोन दाबलं किंवा फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी सिस्टर स्वतः फोन करणार. महिन्याला धाराशिवच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं, कागदाचा फोटो सिस्टरांना पाठवायचा, आणि गोळी पूर्ण घ्यायची की अर्धी ते त्या मेसेजनं कळवणार. दर वेळी सोलापूरला यायची गरज नाही.

"मोबाईल नंबर सांगा," सिस्टर म्हणाल्या.

मी मालकांकडं बघितलं. माझ्याकडं मोबाईल नव्हता. घरात एकच होता आणि तो त्यांच्या खिशात असायचा. त्यांनी नंबर सांगितला, सिस्टरांनी लिहून घेतला. माझ्या आजारपणातली सगळ्यात मोठी चूक तिथं झाली आणि तिघांपैकी कुणालाच ती चूक वाटली नाही.

*

पहिले तीन महिने सगळं झकास चाललं. मालक घरीच होते. सातला फोन वाजला की ते स्पीकर लावायचे. एका बाईचा आवाज यायचा, शाळेतल्या बाईंसारखा स्वच्छ. "नमस्कार. आपण आजची गोळी घेतली असल्यास एक दाबा. घेतली नसल्यास दोन दाबा."

आत्या तिच्याशी बोलायच्या. "घेतली गं बाई, आत्ताच घेतली तिनं. तू जेवलीस का?"

"आत्या, ती मशीन आहे."

"असंना का. रोज न चुकता इचारती. माझी लेक आठ-आठ दिस फोन करत न्हाय."

मग मला बरं वाटायला लागलं. पायऱ्या चढायला लागले. दुकानात बसायला लागले. मालकांनी परत पेट्या बांधल्या आणि बाजार सुरू केले. मोबाईल अर्थातच त्यांच्याबरोबर गेला. सातला ते कधी कळंबच्या रस्त्याला असायचे, कधी बेंबळीच्या बाजारात पेट्या आवरत असायचे. फोन वाजला की ते एक दाबायचे. त्यांच्या मनात खोट नव्हती. बायको घरी आहे, गोळ्या फळीवर आहेत, घेतलीच असेल. आणि सुरुवातीला ते खरंच होतं.

*

एक दिवस हिरव्या बांगड्यांची मोळी सोडताना एक बांगडी पिचली आणि काच अंगठ्याच्या खाली घुसली. आमच्या धंद्यात हे रोजचं. चिंधी बांधली की दोन मिनिटांत थांबतं. त्या दिवशी थांबेना. चिंधी भिजली, दुसरी बांधली, तीही भिजली. अर्धा-पाऊण तास मी हात वर धरून बसले होते. दुकानात आलेली शेजारीण म्हणाली, "अगं, ती रगत पातळ करायची गोळी खातीस न्हवं? पाणी झालंय तुझ्या रगताचं."

रक्त थांबलं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

आणि दुसरी गोष्ट. हे लिहू की नको यावर मी चार दिवस विचार केला. लिहिते, कारण हेच कुणी मला आधी सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं. गोळी सुरू झाल्यापासून माझी पाळी चार दिवसांची आठ-नऊ दिवसांची झाली. आणि साधी नाही. दुकानात मी घडी केलेली चादर खाली घालून बसायचे. गिऱ्हाईक गेलं की आत पळायचे. बांगड्या चढवताना डोळ्यापुढं काजवे चमकायचे. आत्यांना सांगायची लाज वाटली. मालकांना सांगायचं मनातही आलं नाही. डॉक्टर पुरुष. आणि फोनवरच्या त्या गोड आवाजाला काय सांगणार? तिच्याकडं एक होतं आणि दोन होतं. माझ्या त्रासाला आकडा नव्हता.

म्हणून मी स्वतःच उपाय काढला. पाळीच्या दिवसांत गोळी घ्यायची नाही. पहिल्या महिन्यात तीन दिवस सोडली. जरा कमी झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या महिन्यात पाच दिवस. तिसऱ्या महिन्यात पाळी यायच्या आधीपासूनच सोडली आणि नंतर सुरू करायची राहून गेली. लग्नसराई होती, रक्त तपासायलाही गेले नाही. सिस्टरांचा तपासणीसाठी फोन आला तो मालकांनी उचलला. "तब्येत एकदम ठणठणीत हाय सिस्टर. पुढल्या आठवड्यात जातो," म्हणाले. घरी येऊन मला सांगायचं विसरले.

इकडं माझी गोळी बंद, आणि तिकडं दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर रोज संध्याकाळी सातला: एक, एक, एक.

*

त्या दिवशी दुकानात चुडा भरायचा होता. नवरी, तिची आई, मावशी, दोन करवल्या, सगळ्या सतरंजीवर बसलेल्या. नवरीचा हात माझ्या हातात होता. चौथी बांगडी चढवताना मला माझी बोटं दिसत होती, पण ती माझं ऐकत नव्हती. बांगडी निसटली, फरशीवर पडली आणि तिचे तुकडे झाले. चुडा भरताना बांगडी फुटली असं आम्ही म्हणत नाही, वाढवली म्हणतो. तेच म्हणायला मी तोंड उघडलं. शब्द डोक्यात होता. बाहेर आला तो नुसता आवाज.

"काय झालं वो?" मावशी म्हणाली. मग ओरडली, "अगं, ह्यांचं तोंड बघा!"

आत्या आतून धावत आल्या. माझ्या ओठातून एका बाजूनं लाळ गळत होती. मला सगळं कळत होतं. नवरी रडायला लागली होती, मला तिची माफी मागायची होती, आणि उजवा हात मांडीवर कुणा दुसऱ्याचा ठेवल्यासारखा पडला होता.

मालकांना फोन करायचा तर नंबर कुणाला पाठ नाही. शेवटी मावशीनं बाहेर जाऊन दुकानाच्या पाटीवरचा नंबर बघून स्वतःच्या मोबाईलवरून लावला. तोवर आत्यांनी रिक्षा थांबवली होती. मला उचलताना त्या एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "डोळं मिटू नको सुरेखा. माझ्याकडं बघ."

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत तोंड थोडं सरळ झालं होतं. तिथून अँब्युलन्सनं सोलापूर.

*

झडपेवर रक्ताची बारीक गुठळी धरली होती. तिचा एक कण सुटून मेंदूकडं गेला होता. डॉक्टर म्हणाले, कण लहान होता म्हणून निभावलं. पण गुठळी अजून झडपेवर आहे, ती विरघळेपर्यंत घरी जायचं नाही. हाताला सलाईन लागली, इंजेक्शनं सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी राऊंडला डॉक्टर माझा रक्ताचा रिपोर्ट एका हातात आणि मोबाईल योजनेचा कागद दुसऱ्या हातात घेऊन उभे राहिले. "रिपोर्ट सांगतो की कित्येक दिवस गोळी पोटात गेलेली नाही. आणि हा कागद सांगतो की एकही दिवस चुकलेला नाही. यातलं खरं काय?"

मी मालकांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते.

"म्याच दाबत व्हतो साहेब," ते म्हणाले. "मला वाटलं, घेतली आसंल."

डॉक्टरांनी दोन्ही कागद फाईलमध्ये ठेवले. ते पुढच्या खाटेकडं गेल्यावर मालक माझ्याकडं वळले. आवाज दाबून, पण रागानं म्हणाले, "गोळी घेत न्हवतीस तर सांगायचं तरी!"

"तुम्ही विचारलं कधी? मशीन विचारत होती, तुम्ही उत्तर देत होता. मधे मी कुठं होते?"

माझे शब्द अजून जड होते, जिभेखाली खडा ठेवल्यासारखे. त्यामुळं तेवढंच वाक्य बोलायला मला बराच वेळ लागला. त्यांना ते पूर्ण ऐकून घ्यावं लागलं. मग ते बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत आले नाहीत. लग्नानंतर इतका दुरावा मला कधी वाटला नव्हता.

वैशाली सिस्टर दुपारी आल्या. खुर्ची ओढून बसल्या. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "भीती वाटली म्हणून सोडली, की दुसरं काही होतं?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी तरी 'का' विचारलं होतं. मी सगळं सांगितलं. चादरीचं, काजव्यांचं, तीन दिवसांचे पाच दिवस कसे झाले ते. सिस्टर ऐकत राहिल्या.

"हे मला कळवायचं ना ताई."

"कुठलं बटण दाबून कळवू?"

त्यांनी खिशातून वही काढली. तीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर उपाय असतो. गोळी बंद न करता. आणि गोळी घेताना रक्त किती पातळ हवं त्याची हद्द असते, त्याच्यासाठी तर दर महिन्याची तपासणी आहे. पाणी-बिणी काही होत नाही." त्याच संध्याकाळी त्यांनी बायकांच्या डॉक्टरीणबाईंना माझ्या खाटेपाशी आणलं. बाईंनी तपासलं, औषध लिहून दिलं. दोन महिन्यांत माझी पाळी पाच दिवसांवर आली. ज्या गोष्टीसाठी मी जीव घालवणार होते, तिला एवढाच उपाय होता.

संध्याकाळी मालक आले ते केळी आणि एक खोका घेऊन. खोक्यात बटणांचा साधा मोबाईल होता. माझ्या उशाशी ठेवला. "तुझा नंबर सिस्टरला दे," म्हणाले. "माझा काढून टाक म्हनावं." एक केळं सोलून त्यांनी मला भरवलं, साल हातातच राहिलं. मग म्हणाले, "मी लई भ्यालो गं."

मी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. उजवा अजून नीट चालत नव्हता.

*

तीन आठवड्यांनी घरी आले तेव्हा बोलणं सुधारलं होतं, पण उजवी बोटं बधीर होती. भाजी निवडता यायची. बांगडी चढवता येत नव्हती. दुसऱ्याचा हात अंगठ्यापाशी दाबून, हाडं आत घेऊन, काच न तुटता सरकवायची, ह्याला बोटांत जीव लागतो. मी ठरवलं, हात परत आणायचा. आधी लाटण्यावर बांगड्या चढवायला लागले. मग बाटलीच्या गळ्यावर. पण लाकूड आणि काच हाडामासासारखी दबत नाहीत.

एक दिवस आत्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि हात पुढं केला. "घाल माझ्या हातात. घाल आन् काढ."

मी बघतच राहिले. मामंजी गेल्यापासून आत्यांच्या हातात काचेची बांगडी नव्हती. बांगड्यांच्या घरात राहून बारा वर्षं मोकळा हात.

"आत्या, लोकं..."

"घाल म्हनते न्हवं."

रोज दुपारी अर्धा तास. पहिल्या दिवशी सात बांगड्या वाढवल्या. एकदा त्यांना काच लागली, त्यांनी हूं का चूं केलं नाही. एका दुपारी शेजारीण दारात येऊन थबकली. "अगंबाई, ह्या वयात?"

आत्या तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "सून बरी व्हायलीय माझी. तुला काय व्हतंय?"

दोन महिन्यांनी मी एकही न फोडता त्यांच्या हातात डझनभर बांगड्या चढवल्या. काढायला लागले तर त्यांनी हात मागं घेतला. "दोन राहू दे," म्हणाल्या.

*

आता माझा मोबाईल दुकानात माझ्याजवळ असायचा. गोळ्यांची पट्टी गल्ल्याच्या वरच्या फळीवर, तांब्याजवळ. आत्यांचा मशीनवरचा विश्वास उडाला होता. सात वाजले की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "एक-दोन गेलं चुलीत. मला गोळी दाव. आता गिळ." मालक बाजारातून फोन करायचे, "घेतली का?" मी हो म्हटलं की त्यांचं दुसरं वाक्य असायचं, "अजून काही तरास?" हे दुसरं वाक्य त्यांनी स्वतःहून सुरू केलं होतं.

एकदा पट्टी संपली आणि येडशीच्या मेडिकलमध्ये ती गोळी नव्हती. पूर्वी मी म्हटलं असतं, एका दिवसानं काय होतंय. त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा दोन दाबलं. जणू गुन्हाच कबूल करत होते. सिस्टरांचा फोन दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दहा मिनिटांत आला. माझ्या नावापुढं त्यांनी बहुतेक खूण केली असावी. धाराशिवच्या कुठल्या दुकानात गोळी आहे ते त्यांनी शोधून सांगितलं, मालक परस्पर तिकडून घेऊन आले, आणि नऊच्या आत गोळी पोटात गेली. दोन दाबण्यात लाज नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ते बटण माझ्यासाठीच ठेवलेलं होतं.

काही महिन्यांनी सातचा फोन आला आणि त्या ओळखीच्या आवाजानं एक वाक्य जास्त म्हटलं. "औषधामुळे काही त्रास होत असल्यास तीन दाबा. सिस्टर आपल्याला फोन करतील."

मी गल्ल्यावर बसल्या बसल्या ते परत ऐकलं. आत्यांना हाक मारून ऐकवलं. मग सिस्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितल्यावर मी बाकीच्या बायकांना विचारलं ताई. तुमच्यासारख्या बऱ्याच निघाल्या. म्हणून मीटिंगमध्ये भांडून घातलं ते."

*

ती योजना गेल्या वर्षी संपली. ठराविक काळासाठीच होती, तो काळ झाला. सिस्टरांनी आधी कळवलं होतं, तरी पहिल्या दिवशी सात वाजले आणि मोबाईल गप्प राहिला तेव्हा मला भीती वाटली, आणि रागही आला. आमची झडप काही ठराविक काळासाठी नव्हती. मग मी उठले, मोबाईलमध्ये रोजचा सातचा गजर लावला आणि गोळी घेतली.

पण गजर माणसाची चौकशी करत नाही. माझ्याकडं आत्या होत्या, मालक होते. ज्यांच्याकडं कुणी नाही त्यांचं काय, हा विचार मला सोडेना. लॅबच्या रांगेत माझी बेंबळीच्या मंगलशी ओळख झाली होती. सव्वीस वर्षांची, तिलाही तीच झडप, लहान पोर पदरात, नवरा पुण्याला कामाला. मी तिला फोन केला. म्हटलं, "मंगल, मी काही सिस्टर न्हाय. पण सातला मी माझी गोळी घेताना तुला फोन लावत जाईन. चालंल का?"

ती म्हणाली, "लावा अक्का. मी दोन दिस घेतलीच न्हाय. कुणी इचारलं न्हाय तर मन व्हत न्हाय."

तेव्हापासून रोज सातला मी तिला फोन लावते. तीन मिनिटं. आधी गोळी, मग त्रास, मग तिच्या पोराचा दंगा. आता अशा आम्ही चौघी आहोत आणि कुठल्या महिन्यात कुणाचं रक्त तपासायचं हे एकमेकींना पाठ आहे.

मशीननं मला वाचवलं असं मी म्हणत नाही, आणि मशीननं घात केला असंही नाही. मशीननं रोज न कंटाळता विचारलं, ही तिची मोठी गोष्ट. उत्तर मात्र गोळी घेणाऱ्यानंच द्यायचं असतं, आणि खरं द्यायचं असतं. तुमच्या घरात असा फोन येत असेल तर तो पेशंटच्या हातात द्या. पेशंट बाई असेल तर तिच्या स्वतःच्या हातात.

परवा संक्रांतीची गर्दी होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गजर वाजला, मी बंद केला आणि हातातलं गिऱ्हाईक पुरं करू म्हणत राहिले. एका पाठोपाठ एक हात पुढं येत होते. तेवढ्यात मोबाईल वाजला. मंगल होती.

"अक्का, साडेसात झाले. आज फोन न्हाय आला तुमचा. तुमी घेतली का?"

मी म्हणणार होते, हो. सवयीनं शब्द ओठापर्यंत आलाच होता.

"न्हाय गं," मी म्हणाले. "राहिली."

"मग घ्या. मी हाय फोनवर."

समोर एका बाईनं हात पुढं केला होता. "जरा थांबा हं," मी तिला म्हटलं. बांगड्या खाली ठेवल्या, फळीवरची पट्टी काढली, तांब्यातलं पाणी ओतलं आणि सगळ्या गर्दीसमोर गोळी घेतली.

"घेतली, मंगल. आता तुझी. मी फोन धरलाय."